नाव टाकलेली कॅरेटं

सोपानच्या रागाला कारण लागत नसे. आज मात्र ते आंब्याखाली ढिगानं पडलं होतं. सकाळी तोडलेला टोमॅटो ताडपत्रीवर तापत होता आणि टेम्पोतली धुतलेली रिकामी कॅरेटं ड्रायव्हर नौशाद काही केल्या उतरवत नव्हता.

"उतरव की लेका! मालाचा रस्सा व्हायची वाट बघतुयास का?"

"सोपानभाऊ, माझ्या हातात काय नाय," नौशादनं मोबाईल पुढं धरला. "मागची कॅरेटं जमा झाल्याबिगर ॲप नवी उतरवू देत नाय."

"मागची ही काय, तुझ्या नाकासमोर रचलीत!"

रचलेली होती, खोटं कशाला बोला. कॅरेटं भाड्यानं देणाऱ्या कंपनीची पद्धतच तशी होती. कॅरेट शेतातून बाजारात जायचं, रिकामं होऊन शेतकऱ्याकडं यायचं, तिथून कंपनीत धुवायला आणि मग पुन्हा कुणाच्या तरी शेतात. ते कुणाकडं आहे हे त्याच्यावरचा कोड मोबाईलनं वाचला की कळायचं. आज मोबाईल नुसताच कॅरेटांवरून फिरत होता, हूं की चूं करत नव्हता.

सोपाननं तणतणत कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, ती कॅरेटं तुमच्याकडेच आहेत."

"माझ्याकडंच हायेत! तेच बोंबलतुय मगाधरनं!"

"मग परत करा ना, सर."

"परतच करतुय, बाई!"

"पण ती अजून तुमच्याकडेच दिसतायत, सर."

सोपाननं फोन आपटलाच असता, पण तो घेताना बायकोनं, सरूबाईनं, कानातले मोडले होते. म्हणून तो नौशादवर उलटला. "तूच काढलं आसंल तुमचं ते कोड का फोड! जुन्नरास्नं येताना झोपा काढता आन् हितं येऊन शेतकऱ्याला नडता!"

आता नौशादही तापला. "मी कशाला काढू? पांढरा चौकोनी स्टिकर व्हता प्रत्येकावर. कुठं गेला?"

"पांढरा चौकोन?" सोपान थबकला. पण क्षणभरच. "तो हाय की! त्याच्यावर तर नाव टाकलंय!"

प्रत्येक कॅरेटवर लाल ऑइलपेंटनं ठसठशीत 'सोपान' लिहिलेलं होतं. बाजाराच्या गर्दीत बिननावाचं कॅरेट दुसऱ्याच्या गाडीत जातं, हे त्यानं चांगलंच भोगलं होतं. वारूळवाडीच्या दादाभाऊशी तो त्यापायीच अजून बोलत नव्हता. तेव्हापासून घरातली शिडी, बादली, एवढंच काय, कुकरचं झाकणही त्यानं सोडलं नव्हतं.

"अवो, पण त्या चौकोनावरच का लिवलं?" सरूबाईनं कपाळाला हात लावला.

"मला वाटलं, नावासाठीच जागा सोडलीया!"

नौशाद मटकन खाली बसला. त्याला हसावं की रडावं कळेना. शेवटी ट्रॅक्टरचं डिझेल काढलं, जुनं धोतर फाडलं आणि तिघंही घासायला बसले. सोपान स्वतःचंच नाव पुसत होता आणि कंपनीला, रंगाला, दादाभाऊला आळीपाळीनं शिव्या घालत होता. ताडपत्रीवरून टोमॅटोच्या रसाचे लाल ओघळ सुटले तसा त्याचा हात आणखी जोरात चालू लागला. स्टिकर प्लास्टिकचा होता म्हणून निभावलं.

पहिला कोड दिसला. मोबाईल टुंई वाजला.

"हे बघा," नौशादनं पडदा दाखवला. त्यावर नीटनेटक्या अक्षरांत लिहिलं होतं : सोपान, येडगाव. "पहिल्या दिवसापासनं तुमचंच नाव हाय ह्याच्यात."

"मंग ते बाहेरनं दिसाया नको व्हय!" सोपान गरजला.

एकेक करत सगळी कॅरेटं जमा झाली. नौशादनं टेम्पोची फळी पाडली, नव्या कॅरेटांना हात घातला आणि थांबला. "तेवढा तुमच्या मोबाईलवर अंगठा द्या, भाऊ. मंग उतरवतो."

सोपाननं अंगठा दाबला. 'ओळख पटली नाही.' पुन्हा दाबला. तेच.

"आरं, मीच हाय की! मी सोपान!" तो मोबाईलवर ओरडला. अंगठा डिझेलनं आणि लाल रंगानं बरबटला होता.

सरूबाईनं बोळा उचलला आणि नवऱ्याचा हात ओढून घेतला.

"अंगठ्यावर बी टाका की नाव!"