मांडीवरचं मत

इंदापुरातल्या एका सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला माणूस म्हणाला, "बाई हुशार हाय, पण लेकरू आठ महिन्यांचं हाय." दाढी करणारा म्हणाला, "हुशार बाईनं लेकरू कशाला करावं?" दोघंही गंभीर होते.

सर्जेरावांचा आवाज माइक नसला तरी कारखान्याच्या गेटपासून वजनकाट्यापर्यंत जातो.

बारामतीकडे जाणाऱ्या एसटीत खिडकी मिळाली, तर ती उन्हाच्या बाजूची असते.

तूप कढवताना कुणी हाक मारलेली जयवंताबाईंना खपत नाही. त्या दिवशी मारली. "वहिनी, तुमाला सभापती व्हायचंय." तूप जळलं.

पंचायत समितीच्या सभागृहातला पंखा आवाज पुष्कळ करतो.

त्या वर्षी तालुक्याचं सभापतिपद बाईसाठी राखीव निघालं, आणि हे सगळं एकाच दिवशी एकमेकांवर येऊन आदळलं.

सदस्य दहा होते. पाच बापूसाहेबांच्या गटाचे, पाच सर्जेरावांच्या, दोघं पुढारी धरून. सर्जेराव स्वतः माजी सभापती. खुर्ची बाईला गेली तरी घराबाहेर जायला नको म्हणून त्यांनी आपल्या वहिनीला, म्हणजे जयवंताबाईंना, पुढे केलं होतं. बापूसाहेबांच्या गटाकडे प्रियदर्शनी होती. वय अठ्ठावीस, शिक्षण एम. ए. तिच्या भागातल्या निम्म्या अंगणवाड्या लिंबाच्या झाडाखाली भरत. त्यांच्यावर छप्पर घालायचं, एवढ्यासाठी तिला सभापती व्हायचं होतं. हे ती ज्याला त्याला सांगत असे आणि ज्याला त्याला ते पटतही असे.

सर्जेरावांच्या गटाकडे तिच्याविरुद्ध दोनच गोष्टी होत्या. एक मनात होती, ती उघड बोलायची सोय नव्हती. दुसरी आठ महिन्यांची होती. तिचं नाव पायल.

निवडीच्या आदल्या दिवशी बापूसाहेब प्रियदर्शनीच्या घरी आले. चहा बशीत ओतून म्हणाले, "बाई, उद्या लेकरू सभेच्या आसपास नको."

"मागच्या आठवड्यात तुमीच म्हणालात ना, लेकरू घेऊन फिरा, बाया हळहळतात?"

"हळहळल्या की! म्हणाल्या, बिचाऱ्या लेकराला उन्हातान्हात फिरवती."

"म्हणून मग घरी ठेवलं."

"तवा म्हणाल्या, दगडाच्या काळजाची हाय."

"मग आता ठेवू कुठं, बापूसाहेब? परत पोटात?"

बापूसाहेबांनी थोडा विचार केला. तो उपायही त्यांनी तपासून पाहिला असावा. मग म्हणाले, "तालुक्याच्या बाहेर. बारामतीला कोण हाय तुमचं?"

बारामतीला प्रियदर्शनीची बहीण होती. नवराही तिकडेच, कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होता, पण त्याला रजा मिळाली नव्हती. तेव्हा असं ठरलं, की सासूबाईंनी, म्हणजे तुळसाबाईंनी, सकाळच्या एसटीने पायलला मावशीकडे न्यायचं आणि संध्याकाळी आणायचं. तुळसाबाई दोनच शब्द बोलल्या, "बघा बाबा."

---

एसटी गावाबाहेर पडली आणि पायलने तोंड उघडलं.

बाटली दिली, ती तिने लोटून दिली. खुळखुळा दिला, तो पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टकलावर पडला. बाहेरची म्हैस दाखवली. म्हैस बघून ती जास्त रडली.

"आय कुठाय हिची?" पेरूची पाटी घेतलेल्या बाईने विचारलं.

"इंदापुरात. सभापती व्हायला गेलीया," तुळसाबाई म्हणाल्या.

सगळी एसटी एकदम बोलू लागली.

"आमीबी कामाला गेलो, पण झोळी बांधून लेकरू संगं नेलं," पेरूवाली म्हणाली.

"सभापतीच्या खुर्चीला झोळी बांधू देत्यात व्हय?" तिच्या शेजारच्या म्हातारीने विचारलं.

"म्हणूनच म्हणते, जायचंच कशाला?"

"आन् बाप कुठाय?" टक्कल चोळत त्या पुढच्या माणसाने विचारलं.

"बारामतीला. कामावर हाय."

"बरं बरं. कामावर हाय," सगळे म्हणाले, आणि बापाचा विषय तिथेच संपला.

आईचा संपेना. दोन थांबे गेले तरी तो चालूच होता, आणि पायलही. शेवटी कंडक्टर उठून आला. "आजी, पोरीपुढं ड्रायव्हरला हॉर्न ऐकू येईना झालाय. हिला काय पायजे?"

"आय पायजे."

"मग तुमी उलट्या दिशेला कुठं चाललाय?"

बापूसाहेबांचं राजकारण कंडक्टरला तिकिटाच्या वेळात समजावणं शक्य नव्हतं. तेवढ्यात समोरून इंदापूरला जाणारी गाडी दिसली. कंडक्टरने घंटी मारली, ड्रायव्हरने हात बाहेर काढून समोरच्याला थांबवलं, आणि भर रस्त्यात दोन एसट्या एकमेकींशी गप्पा मारत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. पेरूवालीने पिशवी घेतली, टकल्याने पायलला घेतलं, म्हातारीने उगाचच तुळसाबाईंच्या पाठीला हात लावला. अशा त्या दोघी या गाडीतून त्या गाडीत गेल्या. दुधाची बाटली तेवढी बारामतीला पोचली.

"सभापती झाली तर आमच्या थांब्याला शेड बांधाय सांगा!" सुटत्या गाडीतून पेरूवाली ओरडली.

---

सभागृहात प्रांतसाहेब पीठासीन अधिकारी म्हणून बसले होते. नियमांचं पुस्तक त्यांनी दोन्ही हातांखाली धरून ठेवलं होतं. दारं बंद. बाहेर दोन्ही गटांचे लोक, हलगीवाले, गुलालाची पोती.

सर्जेराव भाषणाला उभे राहिले. "साहेब, आमचा बाईला विरोध न्हाय. बाई लक्ष्मी हाय. पण तालुक्याचा गाडा वडायचा म्हंजे रातंदिस एक करावा लागतो. ज्या माउलीचं लेकरू अजून अंगावर पितंय, तिनं..."

याच वेळी बाहेरून पायलचा आवाज आला. बंद दारातून, पंख्याच्या आवाजातून, हलगीवाल्यांच्या गडबडीतून तो सरळ आत आला.

प्रियदर्शनीने मान वर केली. तिला तो आवाज कुठेही ओळखू आला असता. बापूसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

सर्जेरावांचा चेहरा उजळला. "ऐका साहेब! मी आणखी काय सांगणार? लेकरू आत घ्या. समद्यांना बघू द्या, हे असं चालायचं का!"

प्रांतसाहेबांनी पुस्तक चाळलं. "सभागृहात सदस्यांशिवाय कुणाला प्रवेश नाही. लहान मुलांविषयी मात्र इथे काही लिहिलेलं दिसत नाही."

"लिहिलेलं न्हाय म्हंजे चालतंय!" म्हणत सर्जेराव स्वतः दाराशी गेले. बाहेर तुळसाबाई घामाने थबथबलेल्या उभ्या होत्या. दोन एसट्यांनी आणि एका रिक्षाने त्यांच्यात काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"लेकरू आत द्या, आजी."

"घ्या की! सकाळपासनं तालुक्याला माझ्या नातीची लई काळजी लागून राह्यलीया. सांभाळा आता तुमीच." त्यांनी पायल सर्जेरावांच्या हातात दिली आणि चहाच्या टपरीकडे चालू लागल्या.

प्रांतसाहेबांनी घाईने उमेदवारी माघारीसाठी पंधरा मिनिटांची वेळ जाहीर केली. प्रियदर्शनी मुलीला घेऊन दप्तरखान्यात गेली, कपाटांच्या आड बसून तिला पाजलं आणि वेळेत जागेवर परत आली. माघार कुणी घेतली नाही. जयवंताबाईंनी घ्यायचा विचार केला होता, पण सर्जेरावांनी त्यांच्याकडे बघितलं.

आता पायलचं पोट भरलं होतं. आता तिला झोप आली होती, आणि आठ महिन्यांच्या माणसाला झोप येणं ही भुकेपेक्षा मोठी आपत्ती असते. ती पुन्हा सुरू झाली.

"बघा!" सर्जेराव पुन्हा उभे राहिले. "मी काय म्हणत होतो? ज्या माउलीचं लेकरू..."

पायल गप्प झाली. सर्जेरावांच्या तोंडाकडे बघू लागली.

सर्जेराव चकित होऊन थांबले. ती रडू लागली.

"...लेकरू अंगावर पितंय..."

गप्प.

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. त्या जयवंताबाईच होत्या.

प्रांतसाहेब म्हणाले, "उमेदवारांनी सहीसाठी पुढे यावं." प्रियदर्शनी उठली, सर्जेरावांच्या खुर्चीपाशी गेली आणि पायल त्यांच्यापुढे धरली. "तात्या, तुमचा आवाज तिला मानवतोय. माझी सही होईपर्यंत घेता का?"

समोर धरलेलं लेकरू नको म्हणायचं नाही, एवढी रीत त्या भागात वैऱ्यालाही पाळावी लागते. सर्जेरावांनी घेतलं.

"मान धरा तिची, भावजी," जयवंताबाई म्हणाल्या.

"धरलीया."

"ती मान न्हाय, फ्रॉक हाय."

सर्जेराव खुर्चीत बसले आणि बोलू लागले, कारण थांबायची सोय राहिली नव्हती. आधी त्यांनी आईच्या कर्तव्याविषयी बोलून घेतलं. ते लवकर संपलं. मग ते उसाकडे वळले. मग कालव्याच्या पाण्याकडे आणि त्याच्या फाट्यांकडे, म्हणजे वितरिकांकडे. "वरची लोकं पाणी अडवत्यात... खाली पोचत न्हाय... टेलला पोचत न्हाय..." आवाज आपोआप खाली येत गेला. गुडघा आपोआप हलू लागला. "न्हाय गं न्हाय... टेलला पाणी न्हाय..." पायलचे डोळे जड झाले. एकदा उघडले. सर्जेरावांनी श्वास रोखला. "वितरिका नंबर चार... तिचं दार मोडलंय..." डोळे मिटले. पायलने त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट मुठीत घट्ट धरलं आणि डोकं उजव्या दंडावर टाकलं.

सह्या कधीच झाल्या होत्या. प्रियदर्शनी मुलीला घ्यायला दोन पावलं आली, तर सर्जेरावांनीच डोळे वटारले आणि मानेने सांगितलं: हात लावू नका.

"मतदान हात वर करून होईल," प्रांतसाहेब म्हणाले. "समसमान मतं पडली, तर चिठ्ठी काढण्यात येईल. श्रीमती जयवंताबाईंच्या बाजूने जे असतील, त्यांनी हात वर करावेत."

सर्जेरावांच्या गटातले तीन हात वर गेले. जयवंताबाईंचा चौथा गेला, कोपरापर्यंत.

"तात्या, हात!" मागच्या खुर्चीवरचा सदस्य कुजबुजला.

"गप. उठंल ती."

"आवो मतदान चाललंय!"

"मला डोळं हायेत."

"डावा करा, डावा!"

"डाव्याचं बोट धरलंय तिनं."

"सोडवा की मग!"

सर्जेरावांनी त्या मुठीकडे पाहिलं. वजनकाट्यापर्यंत पोचणारा आवाज त्यांनी इतका बारीक केला, की प्रांतसाहेबांना पुढे वाकावं लागलं. "साहेब, जरा दमा की. आत्ता कुठं डोळा लागलाय."

"थांबता येत नाही, सर्जेराव. हात वर करायचा आहे का?"

सगळे बघत होते. सर्जेरावांनी उजवा दंड किंचित उचलला. पायलच्या कपाळावर आठी पडली, खालचा ओठ पुढे आला. सर्जेरावांनी दंड होता तिथे ठेवला आणि हळूच म्हणाले, "वितरिका नंबर चार..."

"चार मतं," प्रांतसाहेबांनी लिहून घेतलं. "श्रीमती प्रियदर्शनी यांच्या बाजूने?"

पाच हात वर गेले.

बापूसाहेब ताडकन उठले. त्यांनी टाळीसाठी हात उघडले, तोच सर्जेरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की वीस वर्षांच्या राजकारणात कधी पाहिलं नसेल. बापूसाहेब उघड्या हातांनी खाली बसले. प्रांतसाहेबांनी पंखा बंद करायची खूण केली आणि निकाल कुजबुजत जाहीर केला. शिपाई बाहेर गेला आणि तोंडावर बोट ठेवून त्याने हलगीवाल्यांना बातमी दिली. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं.

बाहेर पोचेपर्यंत त्या बातमीचे तुकडे झाले. कुणी म्हणालं, बाईनं लेकरू पुढं करून खुर्ची घेतली. कुणी म्हणालं, लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर टाकून घेतली. तुळसाबाईंनी दोन्ही ऐकलं, आणि टपरीवाल्याला म्हणाल्या, "आणखी एक कप दे. साखर घालून."

आत प्रियदर्शनी सभापतीच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिला मोठी होती, पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. सर्जेरावांच्या गटातले तिघं त्यांच्याभोवती दबक्या आवाजात भांडत होते.

"तात्या, एक हात! एका हातानं खुर्ची गेली!"

"तुमी झोपवून बघा एकदा," सर्जेराव म्हणाले. "मग सांगा हात वर करायला."

जयवंताबाई पदराने तोंड झाकून हसत होत्या. जाता जाता त्या नव्या सभापतींना म्हणाल्या, "पोरी, छपराचा इषय पयल्या सभेला घे. माझा हात हाय." आणि या वेळी त्यांनी तो खांद्याच्या वर नेऊन दाखवला.

"मॅडम, सभेचं पुढचं काम?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

प्रियदर्शनीने सर्जेरावांकडे पाहिलं. "तात्या, वितरिका नंबर चारचं दार खरंच मोडलंय का?"

"दोन वर्षं झाली."

"लिहून घ्या साहेब," ती म्हणाली. "हळू लिहा."

सर्जेराव पहिल्यांदा सभापती झाले, त्या दिवशी त्यांचा धाकटा मुलगा यशराज तीन महिन्यांचा होता.