रविवार सकाळची भरती

एका जंगलात, अगदी त्याच्या टोकाला, जिथे झाडं संपतात आणि खाडी सुरू होते तिथे, एक ढोकरी राहत होती. ढोकरी म्हणजे बगळ्याचीच मातकट चुलतबहीण, बाळांनो. तिवराच्या झाडावर तिचं घरटं होतं आणि घरट्यात पंख न फुटलेली पिल्लं होती. ओहोटी लागली की खाडीतला चिखल उघडा पडायचा. चिखलात निवट्या नावाचे बुटके मासे उड्या मारायचे. ढोकरी ते टिपायची आणि पिल्लांना भरवायची. यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कोणी केलंही नाही.

मग जंगलात सायकली आल्या.

राजवैद्यांनी सिंहमहाराजांना पोट कमी करायला सांगितलं. महाराजांनी सायकल घेतली. दुसऱ्याच दिवशी सगळ्या दरबाराला आपल्यालाही पोट असल्याचं आठवलं. पण डोंगरातली वाट चढाची. पहिल्याच वळणावर गवा सायकलीसकट आडवा झाला. तेव्हा कोल्हेसाहेबांनी खाडीच्या कडेचा बांध शोधून काढला. सपाट, सरळ, वर गार वारा. त्यांनी लगेच 'निसर्गवेडे सायकल मंडळ' काढलं आणि दर रविवारी सकाळी फेरी ठेवली.

पहिल्या रविवारी खाडी भरलेली होती. सगळ्यांनी हेल्मेट काढून सुस्कारे सोडले. पुढच्या रविवारी नेमकी ओहोटी निघाली.

"पाणी कुठे गेलं?" गवा म्हणाला. "आणि हा वास कसला?"

"ओहोटी आहे, दादा," ढोकरी तिवरावरून म्हणाली. "भरतीची वेळ रोज पुढे सरकते."

"रोज?" कोल्हेसाहेबांनी नाक मुरडलं. "शिस्त म्हणून काही नाहीच इथे."

मंडळाची बैठक झाली, चहा झाला, खाडीला शिस्त लावायचं ठरलं. खाडीच्या तोंडाशी उघाडी होती, म्हणजे पाणी आत-बाहेर व्हायला ठेवलेलं लाकडी दार. ऐन भरतीत ते दार खाली सोडून त्याला कुलूप ठोकलं. आता कधीही या, खाडी तुडुंब. पाण्यात ढग दिसायचे, गवाही दिसायचा, आणि तो फोटो सगळ्यांना फार आवडायचा.

ढोकरीचं मात्र स्वयंपाकघरच बुडालं. ती कोल्हेसाहेबांकडे गेली.

"साहेब, चिखल उघडा पडला नाही तर माझी पिल्लं काय खातील?"

"बाई, तुम्ही इथल्याच. तुम्हाला या सौंदर्याची किंमत नाही," कोल्हेसाहेब मायेने म्हणाले. "आम्ही कुठून कुठून येतो, ते तुमच्यासारख्या पक्ष्यांसाठीच ना?"

बाकीचे पक्षी पलीकडच्या खाडीला उडून गेले. ढोकरीला पिल्लं टाकून जाववेना. ती राहिली, आणि दिवसभर काठाकाठाने किडे शोधत फिरू लागली.

पक्षी नाहीत म्हटल्यावर मंडळ हळहळलं. मग त्यांनी पत्र्याचे गुलाबी रोहित पक्षी करून पाण्याच्या कडेला रोवले. ते वेळेवर हजर असत आणि कॅमेऱ्याकडे बघत. एका रविवारी ढोकरी मुद्दाम त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आज आपलं म्हणणं ऐकवायचंच, असं तिने ठरवलं होतं.

"हा एक मातकट कशाला ठेवलाय?" गव्याने ब्रेक दाबत विचारलं.

"रंग उडालेला दिसतोय," कोल्हेसाहेब म्हणाले. "रंगवून घेऊ."

"मी खरी आहे," ढोकरी म्हणाली. "उघाडी उघडा हो. पिल्लं भुकेनं मरतायत माझी."

सगळे थबकले.

"वा, बोलतोसुद्धा," गवा म्हणाला. "बॅटरीवर चालतो का?"

सगळे मनापासून हसले आणि पेडल मारत निघून गेले. ढोकरी घरट्यात परतली. पिल्लांनी चोची उघडल्या. हिच्या चोचीत काही नव्हतं. मला हे सांगताना वाईट वाटतं, पण झालं ते असं.

पुढच्या रविवारी तिवरावरून कसलाच आवाज येत नव्हता. गव्याने तिथे सायकल टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "काय शांतता आहे हो इथे. शहाण्याने इथेच येऊन राहावं."

तात्पर्य : बाळांनो, निसर्गावर अगदी मनापासून प्रेम करावं. फक्त तो जेवायला मागत नाही ना, याची आधी खात्री करून घ्यावी.