साकवाची जागा

ओढ्यावर साकव कुठे बांधायचा हे ठरवायला इंजिनिअर पुन्हा एकदा आला, तेव्हाच त्याचं डोकं ठणकत होतं. आजवरच्या बैठकांत दोन्ही काठांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं: समोरचे म्हणतील तिथे नको.

"गिरणीजवळ बांधा," अलीकडून गिरणीवाल्या मावशी म्हणाल्या. "लोकांनी दळण घेऊन पोहत यायचं का?"

"आणि पोरांनी शाळेत पोहत यायचं?" वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावरून मास्तर ओरडले.

"पोरं आहेत तरी किती तुमच्या शाळेत?"

"तुमच्या पिठातल्या खड्यांपेक्षा जास्त!"

इंजिनिअरने कपाळाला हात लावला. सकाळीच बायकोने बजावलं होतं, "आज काय ते ठरवूनच या. झोपेतसुद्धा 'मावशी, ऐका हो' म्हणता. बरं दिसतं का ते?"

"हे बघा," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "गिरणी नको, शाळा नको. मधोमध बघू." आणि जागा दाखवायला म्हणून ओढ्यात उतरला, तो थेट कमरेपर्यंत चिखलात रुतला.

मग धावपळ उडाली. मावशींनी गिरणीचं दार काढून आणलं आणि चिखलावर आडवं टाकलं. मास्तरांनी पलीकडून शाळेतले बाक टाकले.

"इकडे ओढा!"

"इकडे कशाला? आमच्या बाजूने जवळ पडतंय!"

"अहो, कुठल्याही एका बाजूला ओढा!" दोन्ही हात ताणले गेलेला इंजिनिअर कळवळला.

शेवटी तो मावशींच्या काठाला लागला. एक बूट आतच राहिला. घरी जाऊन त्याने बायकोला एवढंच सांगितलं, "बदली मागतो."

पण बदली काही मिळाली नाही. पुढच्या आठवड्यात तो मान खाली घालून ओढ्यावर आला, तर दार आणि बाक तसेच पडलेले. त्यांवरून एक बाई दळण घेऊन येत होती, पोरं शाळेकडे पळत होती. मावशी आणि मास्तर एकाच काठावर उभे होते.

"साहेब, ठरलं बरं का," मास्तर म्हणाले. "साकव इथेच. एकमताने."

"इथे?" इंजिनिअर किंचाळला. "अहो, इथे चिखलाला तळ नाही! सगळ्या ओढ्यात यापेक्षा वाईट जागा नाही!"

मावशींनी मास्तरांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"बघा. आपलं जुळलं, तर आता हे आडवे आले."