बोकडरावाच्या ढेकराची मोठ्या पडद्यावरील स्वारी

या, श्रोतेहो, जवळ या. मागे भिंतीला टेकलेले पुढे सरका, पुढचे मांड्या आवरा, आणि ज्यांचे नुकतेच जेवण जाहले असेल त्यांनी तर अगदी पुढ्यात बसावे, कारण आजची हकीकत त्यांच्याच कामाची आहे. देवाने माणसास तोंड दिले ते आपले नाव घ्यावयास. परंतु त्याच तोंडाच्या वाटेने ढेकरही त्यानेच सोडिला, तो काय उगाच सोडिला? कोणती वस्तू कोणत्या कामी लावावी हे तो एक जाणे. त्याची ती लीला मनी धरून, जसे घडले तसे, पदरचे मीठ बेताने घालून सांगतो. सावध होऊन ऐकावे.

एका शहरी भाऊ-बहीण असत. बहीण थोरली, लेखणीची धनीण, तीस सर्व ताई म्हणत. भाऊ चित्रे काढी, तयास घरीदारी धाकटे म्हणत, आणि कानावरचे केस पिकू लागले तरी ते धाकटेच राहिले. या उभयतांनी भाड्याच्या खोलीत, डगमगत्या टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी सारून, 'बोकडराव' नामे कार्टूनांची मालिका उभी केली. ती मुलांकरिता नव्हे. मुलांस बाहेर काढून, दार लोटून, थोरामोठ्यांनी पाहावी अशी. बोकडराव म्हणजे कचेरीत कारकुनी करणारा बोकड, तोंडाचा शिवराळ, अंगाचा घामट, आणि त्याच्या पार्श्वभागी एक गळू, तयास गळूनाना म्हणत, ते बोलत असे आणि बोकडाहून शहाणे असे. बोकड साहेबास शिव्या देई, आणि गळू बोकडास शिव्या देई, आणि मग सरतेशेवटी बोकडराव एक ढेकर देत, त्यासरशी छपरे उडत, पूल कोसळत, आभाळातला चंद्र निखळून तळ्यात पडे, आणि भाग संपे. पुढील भागी चंद्र जागच्या जागी. कोणी विचारीत नसे, कोणी सांगत नसे. रयत खूश होती.

आता तो ढेकर कोणाचा, हे ऐका. तो ढेकर खुद्द त्यांच्या तीर्थरूपांचा. हे गृहस्थ वजनकाटे दुरुस्त करीत, चार लोकांत मिळून मिसळून असत, परंतु ढेकराचे कामी कोणाचा मुलाहिजा ठेवीत नसत. कुटुंबकबिल्यासह सिनेमास जावे, आणि पडद्यावर नायकाची आई शेवटच्या घटका मोजीत असावी, आणि तमाम प्रेक्षक रुमाल काढून बसले असावे, मग नेमका त्याच घटकेस त्यांनी असा ढेकर द्यावा की रडणारे हसू लागत आणि मरणारीचे मरण वाया जाई. मग त्यांच्या धर्मपत्नी, म्हणजे या कथेतील आईसाहेब, उठत आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसत, जणू या माणसाची आणि आपली या जन्मी ओळख नाही. ऐसे वर्षानुवर्षे चालले. एके दिवशी धाकट्यांनी जेवणाच्या टेबलाशी गंमत म्हणून तो ढेकर फोनात पकडिला, आणि पुढे तीर्थरूपांस देवाज्ञा जाहली, आणि मागे तो एवढाच आवाज उरला. तोच बोकडरावाच्या तोंडी घातला. आईसाहेबांस याची वार्ता नव्हती. मालिकेविषयी त्यांचा हुकूम होता की, "ती घाण माझ्या घरात लावायची नाही," आणि पतीमागे त्यांनी सिनेमाकडे पाऊलही टाकिले नव्हते. धाकट्यांची मात्र मनी एकच प्रतिज्ञा की, एकवार मोठ्या पडद्याच्या दालनात, खुर्च्या भरल्या असता, बाबांचा ढेकर घुमावा. मग हात मोडले तरी बेहत्तर.

ऐसे असता एक तालेवार निर्माते प्रसन्न जाहले आणि त्यांनी बोकडरावाचा पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याचे फर्मान दिले. या निर्मात्यांस कामकरी मंडळी पाठीमागे 'पण-का सरकार' म्हणत, कारण त्यांचे प्रत्येक बोलणे त्याच दोन शब्दांवर येऊन ठेपे. काचेच्या दालनात मजलिस भरली, थंड हवेचे यंत्र घुंघुं करीत होते, आणि सरकारांनी तोफखाना सुरू केला.

"बोकड बोलतो, पण का?"

ताई म्हणाल्या, "गप्प बसला तर मूकपट होईल, सरकार."

"बरं. गळू बोलतं, पण का?"

"बोकडाला अक्कल नाही. कुणाकडे तरी असायला हवी ना."

"आणि चंद्र पडतो तो?"

"आता एवढा ढेकर दिल्यावर पडणार नाही तर काय, टाळ्या वाजवील?"

सरकार हसले नाहीत. त्यांनी फर्माविले की, लहान भागात हे खपते, मोठ्या चित्रपटास काळीज लागते. सबब बोकडास दुःखाचे बालपण द्यावे, गळूस एक गाणे द्यावे, शिव्या निम्म्या कराव्या आणि शेवटी काही बोध घालावा. हे ऐकून धाकट्यांच्या हातातील पेन्सिल मोडली, आणि ताईंनी टेबलाखालून तयांच्या पायावर पाय देऊन तयांस आवरिले. मग उभयता माघारी आली आणि खोलीत खलबतास बसली. बालपण लिहून पाहिले, तो बोकड रडू लागला आणि रडता रडता कोणासारखाही दिसू लागला. बोध लिहून पाहिला, तो गळूनानांस स्वतःचीच शिसारी आली. गाण्याचे तर नावच नको.

परंतु श्रोतेहो, ज्याने एक जरी आख्यान मन लावून ऐकिले असेल तयास ठाऊक आहे की, थोडकी गोष्ट शिव्यांवर निभते, मोठी गोष्ट विरहावाचून निभत नाही. ही सद्बुद्धी देवाने ताईंस भाजी चिरता चिरता दिली. त्या सुरी हातात घेऊनच धावत आल्या आणि म्हणाल्या, "धाकट्या, गळू कापू या!" म्हणजे मसलत ऐसी की, डॉक्टरने गळूनानांस कापून काढावे, आणि गळूनानांनी रागे भरून एका बड्या असामीच्या नाकावर जाऊन मुक्काम करावा, आणि बोकडरावाने बसावयाची सोय जाहली म्हणून आधी नाचावे, आणि मग तयास एकटे वाटू लागावे, आणि मग शिव्या घालीत घालीत गावोगाव गळू शोधीत फिरावे, आणि अखेर भेट होऊन महाढेकर व्हावा. सरकारांनी हे ऐकिले, आणि "पण का" एवढे दोन शब्द तयांच्या मुखातून निघाले नाहीत. हाच पहिला विजय जाणावा.

मग चित्रकारांची फौज बसली. कोणी बोकडाची दाढी धरिली, कोणी खुरे, आणि एक सालस बाई तर दिवसचे दिवस केवळ गळूची थरथर काढीत बसे, आणि घरी कोणी "आज काय केलंस?" ऐसे पुसल्यास "नक्षीकाम" म्हणून सांगे. सर्व जुळले, मग ध्वनिमास्तरांचा सुभा आला. हे मास्तर मोठे कसबी आणि मनाचे निर्मळ. त्यांच्या खोलीस गादीच्या भिंती, आत आपल्याच रक्ताचा आवाज ऐकू यावा ऐसी शांतता. त्यांनी तीर्थरूपांचा ढेकर घेतला आणि मोत्यासारखा धुतला. पंख्याची घरघर काढिली, रस्त्यावरचा भोंगा काढिला, आणि जो काही कचरा असेल तो सर्व वेचून, शुद्ध, बुलंद, दाही दिशांनी घुमेल ऐसा ढेकर सिद्ध केला. धाकट्यांच्या डोळ्यांस पाणी आले. मास्तरांचे पाय धरावयाचेच बाकी ठेविले.

मग निवडक मंडळी बोलावून परीक्षेचा खेळ लाविला. लोक गळूच्या विरहास हसले, नाकावरच्या मुक्कामास खुर्चीवरून घसरले, आणि मग तो क्षण आला. बोकडरावाने पोट फुगविले. ढेकर सुटला. भिंती हादरल्या, चंद्र निखळून तळ्यात पडला, आणि कोणीही हसले नाही. एक गृहस्थ खोकले. तेवढीच काय ती दाद. ऐसी शिकस्त कोणा वैऱ्यावर येऊ नये.

पण-का सरकारांनी तेथल्या तेथे हुकूम केला की, ढेकर शिळा जाहला. एक नामांकित नट आणविले, तयांनी सोड्याच्या बाटल्या रिचवून, स्वर लावून, आलापासारखे ढेकर दिले, ते ऐकून वाहवा म्हणावेसे वाटे, हसावेसे वाटेना. मग सरकारांचे अखेरचे फर्मान निघाले की, सोमवारी चित्रपटाचे काम पुरे होऊन तो रवाना होणार, तोवर हशा न आल्यास ढेकर काढून तेथे तोफेचा आवाज लावावा. धाकटे जिन्यात जाऊन बसले. ताई शेजारी बसल्या. धाकटे म्हणाले, "तोफ कुणीही उडवील गं ताई. बाबा परत कुठून आणू?"

ताईंनी फोनवर मालिकेचा जुना भाग लाविला. ढेकर आला, चंद्र पडला, आणि इतके दुःख असता उभयतांस फस्सकन हसू आले. मग ताई हसता हसता थांबल्या. त्यांनी फोन कानाशी लाविला, पुन्हा ऐकिला, आणि धाकट्यांचा कान धरून तेथे आणिला. ढेकरापाठोपाठ, दुरून, एक झाकण पडल्याचा खणखणाट, आणि मग एका बाईचा आवाज होता: "अहो! पोरं शिकतील हो!"

घरचे घड्याळ घरच्यांस ऐकू येत नाही, तसे जाहले. जन्मभर ढेकरामागून "अहो" आलेले, ते वेगळे आहे हे कोणाच्या ध्यानीच नव्हते. उभयता मास्तरांकडे धावली. मास्तर गोंधळून म्हणाले, "तो तर मागचा कचरा होता. मी साफ केला."

ताई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आमची आई साफ केलीत."

मूळ आवाज शाबूत होता. परंतु आईसाहेबांचा आवाज आईसाहेबांच्या मर्जीवाचून पडद्यावर न्यावा, हे धाकट्यांच्या मनास मानवेना. सबब आता खरा गड पुढे उभा राहिला. दोघांनी स्वयंपाकघरावर मोर्चा लाविला आणि आवाजाची परवानगी मागितली. आईसाहेब लसूण सोलीत होत्या, आणि वर न पाहता तयांनी तोफ डागिली: "माझा आवाज? त्या बोकडाच्या सिनेमात? मेल्यांनो, चार माणसांत तोंड दाखवायचंय मला!"

धाकट्यांनी विनविले, ताईंनी विनविले, गड ढळेना. मग धाकट्यांनी फोन टेबलावर ठेविला आणि आवाज सोडिला.

ढेकर आला. झाकण पडले. आईसाहेबांच्या हातातली पाकळी हातातच राहिली. त्या म्हणाल्या, "परत लाव."

परत लाविला. पुन्हा म्हणाल्या, "परत." मग पदराने नाक पुसून तयांनी पुसिले, "मी एवढ्या हळू ओरडले होते?"

"लांब होतीस, आई. ओट्याशी."

"मग वाढव तो. तुझ्या त्या मास्तरला सांग, शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. जन्मभर ऐकून न ऐकल्यासारखं केलंय त्या माणसानं." ऐसा तहनामा जाहला, आणि त्यात दुसरे कलम नव्हते.

सोमवारच्या आत सरकारांपुढे तो ढेकर नव्याने लाविला. सरकारांनी तोंड उघडिले ते "पण का" म्हणावयास, आणि त्यातून हसूच बाहेर पडले, ते आवरेना, तेव्हा तोफेचा हुकूम तयांनी हातानेच मागे घेतला.

मग प्रदर्शनाचा दिवस आला. दालन भरले. आईसाहेब चांगली साडी नेसून, "मी डोळे मिटूनच बसणार आहे," ऐसे बजावून, धाकट्यांच्या शेजारी बसल्या, आणि डोळे मुळीच मिटले नाहीत. गळूनाना आणि बोकडराव यांची भेट जाहली. पोट फुगले. ढेकर सुटला, तो छतास लागून भिंतींवरून उतरला, चंद्र तळ्यात पडला, झाकण खणखणले, आणि दाही दिशांनी आईसाहेब गरजल्या: "अहो! पोरं शिकतील हो!" मग जो हशा उठला तयास उपमा नाही. लोक एकमेकांच्या अंगावर पडले, कोणाचे चष्मे गेले, कोणाचा श्वास गेला.

आणि त्या कल्लोळात आईसाहेब सवयीने उठल्या, आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसल्या. तिकडचे लोक कडेच्या मोकळ्या खुर्च्यांकडे सरकले. धाकटे उठून त्यांच्या मागे जाऊ लागले, तो ताईंनी तयांचा हात धरून खाली बसविले. मधल्या दोन खुर्च्या खेळ संपेतो रिकाम्या राहिल्या. आईसाहेबांनी एकवार त्या रिकाम्या खुर्च्यांकडे रागाने पाहिले, आणि मग तोंडास पदर लावून त्या हसू लागल्या.

येणेप्रमाणे बोकडरावाची मोहीम फत्ते जाहली, तोफ माघारी गेली, ढेकर जागी राहिला, ही नोंद कायम करून लेखणी खाली ठेवितो. श्रोतेहो, तुम्हांपाशी एवढेच मागणे: आज घरी जाऊन पोटभर जेवाल, आणि देवाच्या दयेने ढेकर येईल, तेव्हा त्या वजनकाटेवाल्या गृहस्थांची आठवण करावी. आणि पलीकडून कोणी "अहो!" म्हणून ओरडले, तर ऐकू आले म्हणून सांगावे.