लहान विमान, सातबाऱ्यासह

‘ज्या दिवशी माणसाने पहिल्यांदा मान वर करून आकाशाकडे पाहिले, त्याच दिवशी संस्कृतीचा जन्म झाला.’

राधाकिशन गुरुजींनी हे वाक्य लिहिलं, पूर्णविराम दिला आणि वाक्याचा मान राखावा म्हणून स्वतःही मान वर केली. वर छताच्या कडीला त्यांनी स्वतः बनवलेलं, पाच फूट पंखांचं विमान टांगलेलं होतं. त्याच्या डाव्या पंखावर लसणाच्या पाच जुड्या होत्या आणि उजव्या पंखावर चार.

"सत्यभामा, हे काय आहे?"

"लसूण," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"विमानावर कावून?"

"उंदरं तिथवर पोचत न्हाईत. आन तोल जाऊ नये म्हणून दोन्ही अंगाला बांधलाय."

"इकडे पाच आहेत, तिकडे चार."

"एक फोडणीला घेतली."

गुरुजींनी संस्कृतीच्या जन्माचा कागद बाजूला ठेवला आणि स्टुलावर चढून लसूण सोडवायला घेतला.

चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, गुरुजी कडा या गावाहून ‘लहान विमान’ नावाचं त्रैमासिक काढत होते. थर्माकोल, कागद आणि हलकं लाकूड जोडून घरच्या घरी उडतं विमान करणाऱ्या हौशी लोकांसाठी ते होतं. असे लोक जगात फार नसतात, पण एकसष्ट वर्गणीदार गुरुजींनी मिळवले होते. अंकाची सोळा पानं. कोणता गोंद थर्माकोल खातो आणि कोणता खात नाही, कुणाचं विमान कुठल्या गावात कशावर पडलं, असा मजकूर. आणि मधे घडी घातलेला एक मोठा नकाशा. त्यावर विमानाचा प्रत्येक भाग खऱ्या मापात काढलेला. हा नकाशा गुरुजी पंधरा पंधरा दिवस बसून हाताने काढत. त्याची मागची बाजू वाया जाऊ नये, आणि नकाशा तर प्रत्येक जण उघडणारच, अशा दुहेरी हिशेबाने संपादकीय ते तिथे छापत.

दुखणं एकच होतं. सहा वर्षांत वाचकाचं एकही पत्र आलं नव्हतं. म्हणजे एक आलं होतं, पण ते पाणीपट्टीबद्दल होतं आणि शेजाऱ्याचं होतं.

म्हणून चोविसाव्या अंकाच्या संपादकीयात, संस्कृतीच्या जन्मानंतर दोनच परिच्छेदांनी, गुरुजींनी मन घट्ट करून लिहिलं : आपल्याला या अंकातून काय हवे ते सोबतच्या कागदावर कळवावे. किमान दहा वाचकांनी कळवले नाही, तर हा अंक शेवटचा समजावा. ‘शेवटचा’ या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली आणि बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले.

"दहा येतेन का?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"एकसष्टांतले दहा. काय अवघड आहे?"

"तुमच्या वर्गात साठ पोरं होती. घरून चित्र काढून आणायची किती?"

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला.

प्रश्नांचा कागद छापायला ते चौकातल्या भागवतच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. प्रश्न साधे होते. आपल्याला कोणते विमान आवडते, रबरावरचे, बॅटरीवरचे की हाताने फेकायचे? पंख किती मोठे हवेत? विमान उडवायला मोकळी जागा आहे का, आणि किती? अंकात आणखी काय हवे? भागवतने ते पटापट टाईप केले आणि छापून समोर ठेवले. गुरुजींच्या प्रश्नांच्या वर नाव, आधार क्रमांक, गट क्रमांक आणि बँक खातं होतं. खाली ‘सोबत जोडावयाची कागदपत्रे : सातबारा, रहिवासी दाखला, दोन फोटो’ अशी ओळ होती.

"भागवत, हे मी सांगितलं नव्हतं."

"ते आदीच आसतंय गुरुजी. माझ्या कम्प्युटरात फॉर्म म्हणलं का तेवढं येतंच. मधलं तेवढं बदलायचं."

"मग काढ की."

"काढाय गेलं तर रेघा हालतेत. मोकळं सोडू द्या की लोकांना. कोण इचारतंय?"

रेघा हलतात म्हटल्यावर चित्रकलेच्या माणसाला बोलता येईना. एकसष्ट कागद अंकात घालून टपालात पडले. उरलेले चाळीस, कुणी नवा हौशी निघाला तर असावेत म्हणून, भागवतच्या काउंटरवर राहिले.

आता, कड्याच्या चौकात भागवतच्या काउंटरवर छापील कागदांचा गठ्ठा दिसला की माणूस आधी दोन उचलतो, एक स्वतःला आणि एक भावाला. कशाचा आहे ते यादी लागल्यावर बघतो. संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपला. भागवतने आपल्या मनाने आणखी पाचशे काढले. तोवर कुणीतरी कागद वाचलाही होता. लहान विमान, बॅटरीवरचं, आणि वर गट क्रमांक. आता हे फवारणीचं ड्रोन नाही तर काय आहे? शेजारच्या तालुक्यात एका बचत गटाला मिळालं होतं, सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं.

आठ दिवसांत गुरुजींच्या ओट्यावर चारशे बारा अर्ज जमले. प्रत्येकाला सातबारा टाचलेला, फोटो चिकटवलेले. गुरुजी चष्मा लावून एकेक उघडू लागले. आपल्या एकसष्टांपैकी कुणी दिसतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

‘पंख किती मोठे हवेत?’ यावर धुळाजींनी लिहिलं होतं : ‘तीन एकराला पुरतील एवढे.’ मोकळी जागा : ‘कोरडवाहू. विहिरीत चौथा हिस्सा.’

जानकीबाईंचं उत्तर सविस्तर होतं : ‘बॅटरीवरचं द्यावं. हातानं फेकायचं दिलं तरी चालेल. आमच्या मालकांना वस्तू फेकायची सवय आहे.’

‘अंकात आणखी काय हवे?’ या प्रश्नावर गावाचं एकमत होतं. दोनशे सत्तर लोकांनी ‘डीपी’ लिहिलं होतं, कारण गावाची विजेची जुनी डीपी जळून चार महिने झाले होते.

वर्गणीदार एकही नव्हता.

"चारशे बारा आले की," सत्यभामाबाई सातबाऱ्यांचा ढीग सरकवत म्हणाल्या. "दहाच पाहिजे होते ना?"

"ते वाचक नाहीत."

"तरी एवढं लिव्हलंय त्यांनी. तुमच्या वाचकापरीस बरे."

दुसऱ्या दिवशी अमरसिंहदादा आले. गावात ते माजी सरपंच होते आणि फ्लेक्सवर ‘भावी’ होते. कशाचे भावी, ते निवडणूक लागेल तसं ठरे.

"गुरुजी, तुमी गावासाठी एवढं केलं आन आमाला कळू दिलं न्हाई."

"मी काहीच केलेलं नाही."

"खरं काम करणारा आसंच म्हणतो."

"अहो, माझं त्रैमासिक आहे. वाचकांना काय पाहिजे, तेवढंच विचारलंय."

"बरोबर हाय. सरकारबी आदी सर्वेच करतंय. कोटा किती हाय?"

"कसला कोटा? एकच विमान आहे. त्याच्यावर लसूण असतो."

अमरसिंहदादांनी वर पाहिलं, विमान पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नका सांगू. वरून बंदी आसंल. आमी समजून घेतो."

गुरुजी जितकं नाही म्हणत गेले, तितका दादांचा विश्वास पक्का होत गेला. दोन दिवसांनी कड्यापासून शिरूर कासारपर्यंत फ्लेक्स लागले : ‘आमच्या पाठपुराव्याला यश. भव्य विमान मेळावा व प्रात्यक्षिक. रविवार, सकाळी नऊ, कारखान्याचे ऊस यार्ड.’ मधे हात जोडलेले अमरसिंहदादा, त्यांच्या डोक्यावरून जाणारं दोनशे माणसं बसतील असं विमान, आणि कोपऱ्यात गुरुजी. गुरुजींचा फोटो शाळेच्या निरोप समारंभातला होता, गळ्यात हार घातलेला. तो पाहून सत्यभामाबाईंकडे दोन बायका बसायला येऊन गेल्या. गुरुजींनीच दार उघडल्यामुळे त्यांची थोडी पंचाईत झाली, पण आलोच आहोत तर म्हणून चहा घेऊन गेल्या.

रविवारी यार्ड भरलं. मे महिना, कारखाना बंद, त्यामुळे एरवी उसाच्या गाड्यांनी कोंबलेली ती जागा मोकळी होती आणि गुरुजी दर उन्हाळ्यात तिथेच विमान उडवत. आज तिथे मांडव होता, सत्कार होते, पहिल्या रांगेत सोफे होते. गुरुजींनी ठरवलं होतं, एकदाच आणि स्पष्ट सांगायचं. माईक हातात आला.

"हे विमान फवारणी करत नाही," ते म्हणाले. "हे कुणालाही मिळणार नाही. योजना बिजना काही नाही. हे नुसतं उडतं."

पुढच्या रांगेतून धुळाजी उठले.

"नुसतं?"

"नुसतं."

"आन मंग खाली येतं?"

"येतं. बहुतेक."

"मंग उडवायचं कावून, गुरुजी?"

या प्रश्नावर गुरुजींनी सहा वर्षांत चोवीस संपादकीयं लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"बघा," ते म्हणाले, माईक खाली ठेवला, रिमोट घेतला आणि विमान सोडलं.

विमान कडुलिंबाच्या शेंड्यावरून गेलं, वजनकाट्याच्या खोलीवर वळलं, कारखान्याच्या बंद धुराड्याला वळसा घालून परत आलं. त्याच्या पंखावरून लसणाचं एक साल सुटलं आणि हळूहळू गिरक्या घेत सोफ्यांवर उतरलं. चारशे माणसं मान वर करून बघत होती. सात मिनिटं कुणी अनुदानाबद्दल बोललं नाही. जानकीबाईंनी फक्त "वास लसणाचा येतोय" एवढं म्हटलं, तेही मान खाली न घालता. मग बॅटरी संपली आणि विमान मांडवाच्या कापडावर अलगद येऊन बसलं.

अमरसिंहदादांनी माईक उचलला.

"बंधू-भगिनींनो, हा पयला टप्पा होता. फवारणी दुसऱ्या टप्प्यात."

टाळ्या कडाडल्या. लोक समाधानाने पोह्यांकडे वळले. पहिला टप्पा एवढा वेळेवर झालेला कुणी पाहिला नव्हता.

गुरुजी मांडवाखाली एकटेच उभे होते. एकसष्टांतला एकही नाही, म्हणजे चोविसावा अंक शेवटचा. त्यांनी मनातल्या मनात ती रेघ पुन्हा एकदा मारली. तेवढ्यात मांडवाच्या बांबूवरून एक पस्तिशीचा माणूस सरसर वर गेला, विमान उचललं, आणि तान्ह्या लेकराला धरावं तसं छातीशी धरून खाली आला.

"बाराव्या अंकातलं हाय हे," तो म्हणाला. "पण पंख दोन बोटं लांब केलेत तुमी."

गुरुजी पुढे आले. "तुम्ही कोण?"

"शहादेव. शिरूर कासारचा. ऊसतोडीला गेलतो, मागच्या महिन्यात आलोय. तुमचं हलकं लाकूड आमच्याकडं कुठलं मिळायला? मी उसाच्या तुऱ्याची काडी वापरतो. त्याच्यापरीस हलकी बसती."

"उसाच्या तुऱ्याची," गुरुजी हळूच म्हणाले. सहा वर्षांत इतकं चांगलं वाक्य त्यांनी छापलं नव्हतं.

"फ्लेक्सवर विमान मेळावा वाचलं, म्हणलं गुरुजींनी सगळ्यांना बोलावलंय. हे बगा की." शहादेवने लिंबाकडे बोट केलं. लिंबाखाली नऊ माणसं बसली होती. कुणाच्या मांडीवर विमान होतं, कुणाचं पोत्यात गुंडाळलेलं. तलवाड्याच्या एकाचं एसटीत पंखावर कुणीतरी बसल्यामुळे मोडलं होतं, आणि बाकीचे आठ जण ते कसं जोडावं यावर भांडत होते.

गुरुजींनी मोजलं. शहादेव धरून दहा.

"मग तुम्ही कागद भरून पाठवला का नाहीत? काय पाहिजे ते विचारलं होतं मी."

"सातबाऱ्याचा फॉर्म तो? अंकात चुकून आला म्हणलं. चुलत्याला दिला. त्यांनी भरलाय, मघाशी पोहे खात होते."

"अरे, पण दहा जणांनी कळवलं नाही तर अंक बंद करणार होतो मी."

"बंद?" शहादेवचा चेहरा उतरला. लिंबाखालचं भांडण थांबलं. "कोण म्हणलं?"

"संपादकीयात लिहिलं होतं. शेवटी. रेघ मारून."

"ते कुठं आसतंय?"

"नकाशाच्या मागे."

शहादेवने बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीच्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"नकाशा तर आमी कापतो, गुरुजी," शहादेव शेवटी म्हणाला. "कापल्याबिगर माप कसं घ्यायचं? पण बंद करू नका. अंक आला का आमच्याकडं दोन दिवस कोणी कोणाशी बोलत न्हाई."

गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी सांगितलं, की अंक चालू राहील. लिंबाखाली कुणीतरी शिट्टी मारली.

"बरं झालं," शहादेव म्हणाला. "मंग एक मागणी सांगू का? सकाळधरनं आमचं तेच चाललंय. समद्यांचं एक मत हाय."

गुरुजींनी खिशातून एक अर्ज काढला, उलटा केला, विमानाच्या पाठीवर ठेवला आणि पेनचं टोपण काढलं. सहा वर्षं ते याच वाक्याची वाट बघत होते.

"सांग. संकोच करू नको."

"कागद पातळ हाय तुमचा. नकाशा उजेडाला धरला का मागची अक्षरं आरपार दिसतेत. मंग पंखाची रेघ कुठली आन अक्षर कुठलं, कळत न्हाई. तेवढी मागची बाजू कोरी सोडता का?"