विषय : मांजरीचा विमानप्रवास

वजनकाट्यावरचा शेवटचा आकडा स्थिर व्हायला अकरा सेकंद लागले. कडेवरची मांजर शेपटी हलवत होती आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर सहाचा सात, साताचा पुन्हा सहा होत होता. लताबाईंनी श्वास रोखला, मांजरीने, म्हणजे पावडरने, शेपटी पोटाशी घेतली आणि आकडा ठरला : चौसष्ट किलो सातशे ग्रॅम. त्यातून लताबाईंचे अठ्ठावन्न किलो चारशे वजा केले, की उरते ती पावडर.

"सहा किलो तीनशे," त्या म्हणाल्या. "पिशवी एक किलो शंभर."

"म्हणजे सात चारशे." निवृत्तीरावांनी फायलीत लिहून घेतलं. "विमानात सातच चालतं. चारशे ग्रॅम कमी करू. महिना आहे हातात."

फायलीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'विषय – मांजरीचा विमानप्रवास'.

खरा विषय वेगळा होता. सनीने बंगळुरूला मोठं घर घेतलं होतं आणि आईवडिलांनी नाशिकची इंदिरानगरमधली जागा भाड्याने देऊन कायमचं तिकडे यावं, असं तो आठ महिने म्हणत होता. लताबाईंना जायचं नव्हतं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता रोज संध्याकाळी विहारात दहावीच्या नऊ मुलींना शिकवत होत्या. पण सनीने त्यांच्यासाठी पूर्वेकडची खोली राखून ठेवलेली, पडद्यांचा रंगसुद्धा आईला विचारून घेतलेला. नाही म्हणायला तोंड उघडेना. म्हणून एकदा त्यांनी फोनवर विचारलं, "पावडरचं काय करायचं?"

नकार देण्याची ही त्यातल्या त्यात सभ्य रीत होती. पण निवृत्तीरावांची चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी करण्यात गेली होती. उपस्थित झालेला मुद्दा निकाली काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

पावडरचं दूध निम्म्यावर आलं. दुपारी निवृत्तीराव आडवे झाले, की लताबाई डब्यातले सुके बोंबील काढून तिच्यापुढे ठेवत. तीन आठवड्यांनी पावडर सहा किलो सहाशे भरली.

"खाणं कमी करून वजन वाढतं? याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?"

"प्रत्येकाचा चयापचय वेगळा असतो," लताबाई म्हणाल्या. हे खोटं नव्हतं. उत्तर फक्त अपुरं होतं, आणि अपुऱ्या उत्तरालाही त्या मुलींना अर्धा गुण देत.

मग सनीने नवीन वाट शोधली. मनाला आधार म्हणून एखादा प्राणी सोबत लागतो, असा डॉक्टरांचा दाखला असेल तर एक विमान कंपनी वजनाची अट शिथिल करत होती.

बातमी इमारतीत पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये तळमजल्यावरच्या किशोररावांनी निवृत्तीरावांना गाठलं.

"भाऊ, आमच्या चांदवडच्या मामाला बैलांशिवाय करमत नाय. त्याने काय बैल बसवायचा खिडकीत?"

"काका, विमानात ज्याचे हातपाय गार पडतात त्याला विचारा," गाडी काढता काढता तृप्ती म्हणाली. ती दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि नोकरीपायी महिन्यातून दोनदा विमानात बसायची. "मागच्या वेळी मी दिल्लीपर्यंत एका अनोळखी बाईचा हात धरून बसले होते. तिला जेवतासुद्धा आलं नाही."

"आणि शेजारच्याला मांजरीने शिंका येत असल्या तर?"

"त्याला दुसरीकडे बसवायचं."

"म्हणजे पैसे भरणारा उठणार आणि मांजर बसणार. वा."

"आमची मांजर स्वच्छ आहे," निवृत्तीराव म्हणाले.

शेजारी उभ्या असलेल्या लताबाईंना दोन्ही बाजू पटत होत्या. हा वाद आणखी आठ महिने चालला असता तरी त्यांची हरकत नव्हती.

मांजरीचा दाखला म्हणजे जनावरांचा डॉक्टर, या हिशेबाने निवृत्तीराव आधी तिकडे गेले. त्या डॉक्टरांनी पावडरला नीट तपासून लिहून दिलं : 'मांजरीची मनःस्थिती उत्तम. तिला कोणत्याही आधाराची गरज नाही.' तो कागद फायलीला लागला, पण कंपनीने परत पाठवला. दाखला माणसाचा हवा होता.

म्हणून दोघं गंगापूर रोडवरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. लताबाई निश्चिंत होत्या. डॉक्टर विचारतील, आपण खरं सांगू, की मांजर नसली तरी मला काही होत नाही. दाखला मिळणार नाही आणि प्रश्न आपोआप मिटेल.

बाहेर बावीस प्रश्नांचा फॉर्म मिळाला. लताबाईंनी हात पुढे केला.

"राहू दे," निवृत्तीरावांनी पेन काढलं. लग्न झाल्यापासून घरातला एकही फॉर्म त्यांनी दुसऱ्या कुणाला भरू दिला नव्हता. नावापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

"अहो, माझं लिहायचंय."

"अर्ज कोण करतंय? मी. सही कुणाची? माझी. मग नाव कुणाचं येणार?"

पुढचे प्रश्न अर्जदारालाच विचारलेले होते, त्यामुळे उत्तरंही त्यांनी अर्जदाराचीच लिहिली. प्राणी रात्री कुणाजवळ झोपतो? अर्जदाराच्या पायाशी. दिवसातून किती वेळा त्याच्याशी बोलता? निवृत्तीरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बारीक अक्षरात लिहिलं : मोजलेलं नाही. प्राणी जवळ नसल्यास झोप लागते का? इथे पेन बराच वेळ थांबलं. मागे एकदा पावडर दोन दिवस हरवली होती, तेव्हा हा माणूस पायात दोन वेगळ्या चपला घालून पाथर्डी फाट्यापर्यंत हाका मारत गेला होता. त्यांनी लिहिलं : नाही.

डॉक्टरांनी फॉर्म वाचला, लताबाईंना बाहेर बसवलं आणि निवृत्तीरावांशी वीस मिनिटं बोलले. ते बाहेर आले तेव्हा हातात दाखला होता आणि डोळे लाल होते.

"काय म्हणाले?"

"काही नाही. चांगला माणूस आहे."

चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. श्री. निवृत्ती यांना आधार-प्राण्यासह प्रवासाची परवानगी, वजनाची अट माफ. सनीचा लगेच फोन आला. निवृत्तीरावांनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. पावडर त्यांच्या मांडीवर होती.

"आई, सगळं क्लिअर झालं बघ. पंधरा तारखेला ओझर विमानतळावरून. काढू तिकिटं?"

निवृत्तीरावांनी फायलीच्या शेवटच्या पानावर 'निकाली' असं लिहून खाली रेघ मारली. "आता तुझा काही मुद्दा राहिलाय का, लता? असेल तर सांग, तोही बघतो."

लताबाईंनी फाईल ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून चाळली. वजन, पिशवी, लशींची नोंद, दोन डॉक्टर, एक परवानगी. जिथे अडकून बसता येईल असा एकही मुद्दा निवृत्तीरावांनी शिल्लक ठेवला नव्हता. एक मात्र होतं. त्या सबंध फायलीत लताबाईंचं नाव कुठेही नव्हतं.

"आई? ऐकू येतंय ना?"

"येतंय," लताबाई म्हणाल्या आणि फाईल मिटून नवऱ्यापुढे सरकवली. "सनी, पप्पांचं आणि पावडरचं काढ. त्यांना वाटेल तितके दिवस राहू देत. मी नाशिक सोडून येणार नाही."