गुलाबभाऊंची भिंत आणि लोखंडी हुजूर

आज पिठलं करावं की वांग्याची भाजी, हे ठरवायला माझा शेजारी मला शिवणाच्या मशीनवरून उठवून घरी न्यायचा. सदरा अर्धवट, गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि गुलाबभाऊ दारात हजर. "चाला शिंपीदादा, मत द्या. इकडं एक, तिकडं एक, काम अडून राह्यलं." मी चरफडत जायचो, "पिठलं" म्हणायचो, आणि अनसूयावहिनी कपाळावर हात मारून चुलीकडे वळायच्या. "लगनाच्या येळी मले कोनी इचारलं नाई, अन् हा मानूस मिठाले मतं मांगते!"

आमच्या जऊळक्यात त्यांना गुलाब पेंटर म्हणत. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवावीत, लग्नघरी दारावर गणपती काढावा, दुकानांच्या पाट्या लिहाव्यात, हा धंदा. पूर्वी घरात तीन मतं होती, त्यामुळे अडत नसे. बेचाळीस साली त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, माधवला, स्टेशनासमोर झेंडा धरला म्हणून उचललं आणि अकोल्याच्या तुरुंगात टाकलं. ते तिसरं मत मग माझ्या गळ्यात पडलं.

माधव गेल्यावर भाऊंनी घराच्या बाजाराकडच्या भिंतीला चुना मारला आणि चौकटी आखून त्यात एक गोष्ट काढायला घेतली. गोष्ट पुढच्या शतकातली. तिथं राज्य लोखंडी हुजुरांचं. त्यांचं डोकं म्हणजे आगगाडीचं इंजिन, हुकूम शिटीतून निघे. बैलगाड्या आभाळातून उडत, पण माणसांच्या तोंडाला तोट्या बसवलेल्या आणि त्यांच्या किल्ल्या हुजुरांकडे. हसायलासुद्धा परवाना. अशा राज्याविरुद्ध गोफण घेऊन उभा राहिलेला एक पोरगा होता. त्याचं नाक हुबेहूब माधवचं होतं. साऱ्या गावाला ते दिसत होतं, बोलत मात्र कोणी नव्हतं.

दर बाजाराला चौकटींची एक ओळ रंगवून झाली की भाऊ कुंचला कानावर खोचत. "बोला, म्होरं काय करू? हात वर!" हात मोजायचं काम माझ्याकडे, कारण सारी गर्दी माझ्याच ओट्यावर चढलेली. माझा धंदा बुडाला त्याचं कोणाला काय! हुजुरांना गालगुंड व्हावं असं एकदा लोकांनी ठरवलं, तर भाऊंनी इमानेइतबारे इंजिनाचा गाल सुजवला.

पाटील कुरकुरले, "बायांचे हात काहून मोजता?"

"हात तं हात हाये पाटील. मी बांगड्या नाई मोजत."

मग चौकीचे जमादार आले. भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे हुजूर कोन?"

"पुढच्या शतकातले हायेत सायेब. तवर तुमची नौकरी टिकली तं पकडा त्याईले."

जमादार हसले. पुढच्या बाजाराला हुजुरांच्या चाकात वाळू टाकायची की नाही यावर मतं झाली, तेव्हा कोपऱ्यात उभं राहून टाकायच्या बाजूनं हात वर करताना मी त्यांना पाहिलं.

तेच जमादार पौषाच्या थंडीत एका सकाळी निरोप घेऊन आले. माधवनं माफी लिहून दिली तर सुटेल. तो कोणाचं ऐकत नाही, पण बापानं जाऊन सांगितलं तर ऐकेल. पोरगा खोकून राह्यला, हेही ते जाता जाता बोलले.

"आजच गाडीत बसा," वहिनी म्हणाल्या. "कागदावर दोन अक्षरं लिहून पोट्टा घरी येते ना! अजून काय पायजे?"

भाऊ माझ्याकडे वळले. "शिंपीदादा, मत द्या."

"हे पिठलं नाही भाऊ," मी म्हणालो. एवढं मत द्यायची छाती माझ्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भाऊंनी गोफणवाला पोरगा हुजुरांच्या कोठडीत रंगवला आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "यानं माफी मांगावी का? मांगली तं घरी जाते. बोला." जमादारांच्या निरोपाचं गावाला काही माहीत नव्हतं.

"माफी नाई!" बाजार गरजला. माळणी, हमाल, पाटीलसुद्धा. हातच हात. मोजायची गरजच नव्हती.

"अन् मांगावी म्हननारे?"

सगळ्यांच्या मागून एकट्या अनसूयावहिनींचा हात वर आला. पदर डोळ्यांना, हात वर. कोणी हसलं नाही. लोकांना काहीतरी उमगलं असावं.

विचारणाऱ्यानं हात वर करू नये, हा भाऊंचाच कायदा. तो त्यांनी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि रंगानं माखलेला हात वर केला, वहिनींच्या बाजूनं.

"मोजा शिंपीदादा."

"दोन," मी म्हणालो.

"दोन. म्हंजे आमी पडलो." भाऊंनी मान हलवली. "पोट्टा माफी नाई मांगत."

त्यांनी भिंतीकडे वळून नवी चौकट आखली. कोठडी काढली, गज काढले, मुकाट बसलेला पोरगा काढला, ठरलं तसं. अकोल्याची गाडी स्टेशनातून निघून गेली, तरी त्यांनी मागं पाहिलं नाही. गर्दी पांगली. मी मशीनवर बसलो, पण पाय चालेनात.

भाऊंनी मग काळा रंग घेतला आणि त्या पोराच्या अंगावर एक घोंगडी काढली. चांगली जाड, गळ्यापर्यंत ओढलेली, पायाकडून नीट खोचलेली. घोंगडीसाठी त्यांनी कोणाचंही मत घेतलं नाही.